चहा आपण करायचा, हिशेब कुणी बघायचा?

एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या की वसई-विरारच्या इमारतींमध्ये ब्रेकर मशीनचा आवाज सुरू होतो. कुणाकडे लाद्या उखडताहेत, कुणाकडे किचनचा ओटा फोडलाय, कुणी बाल्कनी आत घेतंय. जिन्यात सिमेंटच्या गोण्या, पॅसेजमध्ये पांढरी धूळ, आणि 'लिफ्टमधून डेब्रिज नेऊ नये' या पाटीसमोरून त्याच लिफ्टने उतरणारी डेब्रिजची पोती. पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं असतं, आणि मे महिन्यात गावाला जायची तिकिटंही काढलेली असतात. 'घर पाहावं बांधून' ही म्हण आपल्या आजीच्या वेळची. आपल्यापैकी कितीजणी घर बांधतात? आपण बिल्डरने बांधलेलं घेतो आणि दहा-पंधरा वर्षांनी दुरुस्तीला काढतो. तेव्हा वाटतं, ही म्हण ज्याने केली त्याने राहत्या घराचं रिनोव्हेशन काही केलेलं नसणार.

मैत्रिणींनो, भिशी असो की हळदीकुंकू, चार बायका जमल्या की कॉन्ट्रॅक्टरचा विषय निघतोच. एकीचा अर्धे पैसे घेऊन फोन उचलायचा बंद झालेला असतो. दुसरीच्या नव्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी ठिबकत असतं आणि खालच्या काकू रोज संध्याकाळी बेल वाजवत असतात. तिसरीच्या ट्रॉल्या सहा महिन्यांत फुगल्यात. ऐकून ऐकून माझ्या एक लक्षात आलं. माणसं वेगळी, इमारती वेगळ्या, वसई असो की नालासोपारा की विरार, पण फसायची रीत सगळ्यांची जवळजवळ एकच.

पहिल्या भेटीत कॉन्ट्रॅक्टर घरभर फिरतो, मोबाइलवर काहीतरी टिपतो आणि इतरांपेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी कमी आकडा सांगतो. कागदावर नाही, तोंडी. 'भाभी, टेन्शन मत लो, अपने घर का काम समझ के करूंगा.' मग निम्मे पैसे आगाऊ मागतो, माल आणायला. आणि पहिल्याच दिवशी ओटाही फोडतो आणि संडास-बाथरूमही. ही खरी मेख. तोडायला एक दिवस पुरतो, जोडायला दोन महिने. सगळं फुटलेलं घर घेऊन तुम्ही दुसऱ्या माणसाकडे जाऊ शकत नाही, कारण दुसऱ्याने फोडलेल्या कामाला कोणी लवकर हात लावत नाही. त्यानंतर मजूर चार दिवस दिसत नाहीत. चौकशी केली की कळतं, ते दुसऱ्या साइटवर आहेत. तिथेही कुणीतरी असाच ॲडव्हान्स दिलेला आहे. तुमच्या पैशांतून मागच्या घराचं काम पुरं होतं आणि तुमचं काम पुढच्या घराच्या ॲडव्हान्सवर अवलंबून राहतं.

आमच्या ओळखीच्या एका घरी एक मेला बाथरूम तोडलं आणि ते वापरात आलं जूनच्या पहिल्या आठवड्यात. घरात सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, मुलगी दहावीची. पाच आठवडे तिघीजणी शेजारच्या फ्लॅटमध्ये आंघोळीला आणि बाकी सगळ्याला जात होत्या. घरातले पुरुष सकाळी ऑफिसला निघून जायचे. सासूबाईंनी त्या दिवसांत दुपारनंतर पाणी पिणंच कमी केलं, पुन्हा शेजारी जायला नको म्हणून. पैशांचं नुकसान भिशीत सांगता येतं, हे कोणी सांगत नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या एस्टिमेटमध्येही याचा आकडा नसतो.

आता जरा आपल्या घरातल्या कारभाराकडे बघू या. काम चालू असताना दिवसभर घरात कोण असतं? आपण. मजुरांना दोन वेळा चहा कोण देतं, पाणी कोण देतं, 'ताई, जरा झाडू द्या' म्हटल्यावर कोण उठतं? आपणच. किती गोण्या आल्या, किती वाजता माणसं आली, कोणत्या दिवशी कोणीच फिरकलं नाही, हे सगळं आपल्याला पाठ असतं. आणि पैसे कोण देतं? अहो. तेही कुठून, तर विरार लोकलमधून. संध्याकाळी सात-साडेसातला, दादर-अंधेरीच्या गर्दीत एका हाताने कडी धरलेली असताना फोन येतो. 'साहेब, उद्या माल उतरायचाय, पंचवीस हजार टाका, नाहीतर काम थांबेल.' काम थांबेल म्हटल्यावर माणूस घाबरतो. गाडी मीरा रोडला पोचेपर्यंत पैसे गेलेले असतात. घरी आल्यावर बायको विचारते, 'अहो, आज तर माणसंच आली नव्हती. पैसे कशाचे दिले?' यात नवऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला काम दिसत नाही त्याच्या हातात पैसे, आणि जिला काम दिसतं तिच्या हातात चहाची किटली, अशी ही वाटणी आहे. कॉन्ट्रॅक्टरला ती चांगली ठाऊक असते. म्हणून तो आपल्याला भाभी म्हणतो आणि फोन साहेबांना करतो.

तेव्हा पहिली गोष्ट घरात ठरवायची. घरी असणाऱ्या बाईने हो म्हटल्याशिवाय एक रुपया सुटणार नाही, आणि हे कॉन्ट्रॅक्टरला पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून सांगायचं. दुसरी गोष्ट, पैसे कामाच्या मागून चालले पाहिजेत, पुढून नाही. समजा, तीन लाखांचं काम आहे. सुरुवातीला तीस हजार पुष्कळ झाले. पुढचा हप्ता तोडफोड होऊन डेब्रिज खाली गेल्यावर, त्यापुढचा प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग तपासून झाल्यावर, मग लाद्या, मग ओटा, मग रंग. आणि शेवटचे तीस हजार हातात ठेवायचे, निदान एक पाऊस जाईपर्यंत. आपल्याकडे बाहेरच्या भिंतीचं, गच्चीचं किंवा बाल्कनीचं काम मे महिन्यात होतं आणि त्याची परीक्षा जुलैत. शेवटचा हप्ता मे महिन्यातच दिलात तर जुलैत बोलवायला तुमच्याकडे काही उरत नाही. जो कॉन्ट्रॅक्टर या अटीवर भडकतो, तो आधीच भडकलेला बरा.

माल आणायला पैसे लागतात हे खोटं नाही. छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे भांडवल नसतं. पण मग माल आपणच दुकानात जाऊन घ्यावा आणि पैसे दुकानदाराला द्यावेत. आपल्याकडे काम दोन प्रकारांनी देतात, 'लेबर रेट'ने किंवा 'विथ मटेरियल'. लेबर रेटमध्ये माल तुमचा, मजुरी त्याची. यात धावपळ होते आणि बऱ्याचदा माल जास्त मागवला जातो, कारण उरलेला पुढच्या साइटवर चालतो. विथ मटेरियलमध्ये डोक्याला ताप कमी, पण कोणता माल लागला हे भिंतीआड जातं. नोकरी करणाऱ्या बाईला पहिला प्रकार झेपत नाही हे मान्य. तरी निदान लाद्या, नळ, वायर आणि प्लायवूड एवढं तरी स्वतः निवडावं. शक्यतो कॉन्ट्रॅक्टरने सांगितलेल्या दुकानात न जाता निवडावं, कारण त्या दुकानातलं कमिशन तुमच्याच बिलात बसलेलं असतं.

पर्समध्ये एक मोजपट्टी ठेवा. हसू नका. सगळ्यात जास्त पैसे मोजमापात जातात आणि शाळेतल्या गणितापेक्षा अवघड त्यात काही नाही. दर चौरस फुटावर ठरतो, त्यावर आपण तासभर घासाघीस करतो, दोन रुपये कमी केले म्हणून खूश होतो. पण एकूण चौरस फूट किती झाले हे काम संपल्यावर तो एकटाच मोजतो. दहा बाय बाराची खोली घ्या, उंची साडेनऊ फूट. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ, म्हणजे ४१८ चौरस फूट. त्यातून एक दार तीन बाय सातचं, २१, आणि एक खिडकी चार बाय चारची, १६, वजा केले की राहिले ३८१. छताचे १२० मिळवले की ५०१. बिलात याच खोलीचे साडेसहाशे लावले असतील आणि दर २० रुपये असेल, तर एका खोलीत तीन हजार गेले. दार-खिडकी वजा करायची की नाही हे मात्र आधी बोलून घ्या. काहीजण ती वजा करत नाहीत आणि त्याऐवजी दाराच्या रंगाचे वेगळे लावत नाहीत, तेही चालतं, फक्त कागदावर यायला हवं.

लाद्यांचंही तसंच. दोन बाय दोनची लादी म्हणजे चार चौरस फूट. १२० फुटांच्या खोलीला ३० लाद्या, कटिंगमध्ये जातील म्हणून दहा टक्के वाढवल्या की ३३. त्या खोलीसाठी पन्नास लाद्या मागवल्या असतील तर सतरा लाद्या कुठे बसल्या हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. किचनच्या ओट्याचं आणि स्कर्टिंगचं मोजमाप रनिंग फुटात असतं, तिथे लांबीच बघायची. वाळू आणि डेब्रिज ब्रासमध्ये सांगतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत फूटभर उंचीचा थर. एवढं डोळ्यांसमोर आलं की 'दोन ब्रास डेब्रिज निघालं' या वाक्याने आपण दबून जात नाही. आणि हो, हे डेब्रिज कोण नेणार, त्याचे पैसे कशात धरलेत, हेही लिहून घ्या. नाहीतर रात्री ते कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला नाहीतर मिठागराच्या बाजूला पडतं आणि पावसात तिथलं पाणी तुंबतं. २०१८ च्या जुलैत वसई-विरार कसं पाण्याखाली होतं, ते तळमजल्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

मालातल्या लबाड्या मोजता येत नाहीत, पण थोडं लक्ष ठेवलं तर पकडता येतात. किचन आणि बाथरूमच्या कपाटांसाठी ज्या प्लायवूडवर आयएस ७१० असा शिक्का असतो ते मरीन प्लाय. त्याचा भाव घेऊन साधं प्लाय लावलं की एका पावसाळ्यात ट्रॉल्या फुगतात. सनमायका चिकटल्यावर आत काय आहे ते सुताराशिवाय कोणाला कळणार? म्हणून प्लायचे शीट घरात आले की शिक्क्याचा फोटो काढा, आणि कापलेल्या तुकड्यांत तो शिक्का दिसतोय का बघा. वायरचं असंच. दिव्या-पंख्याला दीड एमएमची वायर चालते, पण एसी आणि गीझरला चारची लागते. तिथे अडीचची घातली तर आज काही दिसत नाही, ती आतल्या आत तापत राहते. भिंतीत झिरी मारून पाइप आणि वायरी टाकल्या की त्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या. पुढे खिळा ठोकतानाही तो फोटो उपयोगी पडतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, पाणी. किनारपट्टीजवळ बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी खारं आहे आणि टँकरच्या पाण्याची चव सगळ्यांनाच माहीत आहे. ज्या पाण्यात आपण डाळ शिजवत नाही, त्या पाण्यात सिमेंट कालवलं जातं. नुसत्या प्लास्टरला एक वेळ चालेल, पुढे भिंतीवर पांढरे फुलोरे येतील एवढंच. पण ज्या कामात लोखंडी सळी आहे, म्हणजे लॉफ्टचा स्लॅब, छज्जा, वाडीतल्या घराचा खांब, तिथे क्षार सळीला खातात. सळी गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. काँक्रीटच्या कामासाठी जे भारतीय मानक आहे, आयएस ४५६, त्यात सळीच्या कामाच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. खाडीच्या न धुतलेल्या वाळूचंही तेच. अर्नाळा, कळंब, भुईगावकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको, समुद्राच्या वाऱ्याने त्यांच्या खिडक्यांचे गज काय होतात ते त्या बघतातच. सळीच्या कामाला नळाचं गोडं पाणी वापरायचं, एवढं एक वाक्य कागदात घाला.

बाथरूमच्या बाबतीत मात्र मी अगदी हटून बसायला सांगेन. खालच्या मजल्यावरच्या गळतीवरून सोसायटीत जेवढी भांडणं होतात, तेवढी पार्किंगवरूनही होत नसतील. जुनी लादी काढल्यावर वॉटरप्रूफिंगचा थर देतात, तो वाळल्यावर नाहणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करायचं आणि बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी भरून ठेवायचं. निदान ४८ तास. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि दोन दिवसांनी खालच्या काकूंकडे जाऊन त्यांचं छत बघायचं. कोरडं असेल तरच लादी. याला दोन दिवस जातात, म्हणून कॉन्ट्रॅक्टर टाळतो. 'बीस साल से काम कर रहा हूं भाभी, कभी लीकेज नहीं हुआ.' त्याला म्हणावं, मग पाणी भरायला काय हरकत आहे? लादी बसल्यावर गळती निघाली तर पुन्हा सगळं फोडावं लागतं. तो म्हणतो खालच्यांचा पाइप जुना आहे, खालचे म्हणतात तुमचं काम वाईट, आणि आपण मध्ये.

इथवर झालं पैशांचं आणि मनस्तापाचं. यापुढे जे सांगायचंय ते जिवाशी आहे.

घर मोठं दिसावं म्हणून भिंती काढायची हौस आता छोट्या फ्लॅटमध्येही आली आहे. ओपन किचन, बाल्कनी हॉलमध्ये, दोन खोल्यांची एक. कॉन्ट्रॅक्टर टकटक करून सांगतो, 'ही काही बीमची भिंत नाही, उडवू.' हे सांगायचा अधिकार त्याला नाही. तो स्ट्रक्चरल इंजिनियरचा. घाटकोपरची साई दर्शन इमारत आठवते? २५ जुलै २०१७ च्या सकाळी ही चार मजल्यांची इमारत बसली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर, जिथे आधी नर्सिंग होम होतं, नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तळमजल्याच्या मालकाला अटक झाली. वर राहणाऱ्यांनी स्वतःच्या घरातली एक वीटसुद्धा हलवलेली नव्हती. आपल्या वर, खाली, शेजारी काय फुटतंय याकडे म्हणूनच लक्ष हवं. त्यात 'दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं' काही नाही. मूळ बांधकामात बदल करायचा तर सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी लागते आणि बदलाच्या स्वरूपाप्रमाणे महापालिकेचीही. जिन्यातून ब्रेकरचा आवाज आला की कमिटीला परवानगीचा कागद दाखवायला सांगणं, हे कुठलीही सभासद करू शकते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. १९९० ते २०१० पर्यंत इथली नियोजनाची जबाबदारी सिडकोकडे होती, २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. त्या काळात आणि नंतरही इथे अधिकृत इमारती उभ्या राहिल्या तशा अनधिकृतही. विरार पूर्वेला विजय नगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास कोसळला आणि १७ माणसं गेली. ती इमारत अनधिकृत होती. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. पाडकामाच्या वेळी त्या घरांतही कुणाचे नवे ओटे असतील, कुणाचं फॉल्स सीलिंग असेल. म्हणून चार-पाच लाखांच्या कामाला हात घालण्याआधी इमारतीचे कागद बघायचे. बांधकाम परवानगी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का. इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर महापालिका अधिनियमाच्या २६५ अ कलमाप्रमाणे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तिची तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. ती झाली आहे का, हे कमिटीला विचारा. छताचं प्लास्टर पडून सळ्या दिसत असतील, तर त्याला पीओपीचं छत लावून झाकणं हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात वेडा खर्च. आणि कॉन्ट्रॅक्टर तो आनंदाने सुचवतो.

घर नवं असेल तर उलट बाजू. महारेरा कायद्याप्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. नव्या घरात गळती दिसली की लगेच खासगी मिस्त्री बोलावून फोडाफोडी करू नका. आधी बिल्डरला लेखी कळवा. घरात बदल केले तर ही जबाबदारी संपते, अशी अट बहुतेक करारनाम्यांत असते. पण तुमच्या रिनोव्हेशनच्या कॉन्ट्रॅक्टरची तक्रार घेऊन महारेराकडे गेलात तर उपयोग नाही, तो कायदा त्याला लागू होत नाही.

मग काम बिघडलंच तर जायचं कुठे? बहुतेक जणी आधी पोलिस चौकीत जातात आणि 'ही दिवाणी बाब आहे' हे उत्तर घेऊन परततात. ते अगदीच चुकीचं नाही. फसवणुकीचा गुन्हा व्हायला सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दिसावं लागतं. एकाच माणसाने आठ-दहा घरांचे ॲडव्हान्स घेऊन पोबारा केला असेल, तर त्या आठ-दहा घरांनी मिळून गेलं की चित्र बदलतं. रेंगाळलेल्या आणि वाईट कामाची खरी जागा ग्राहक आयोग. घरबांधणी ही सेवा आहे आणि त्यातली त्रुटी ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं आहे. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात आपल्या सोयीची मोठी गोष्ट आली. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कॉन्ट्रॅक्टर कुठलाही असो. कामाचे दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी काही नाही, पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये. वकील हवाच असं नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात. मात्र त्रुटी घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. 'तो करून देतो म्हणालाय' या आशेवर दोन वर्षं कशी जातात ते कळत नाही. निकालासाठी कायद्यात तीन महिने, आणि तपासणी लागली तर पाच, अशी मुदत आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे धरूनच चालावं.

आयोगापुढे रडून चालत नाही, कागद लागतो. इथे पुष्कळजणी अडकतात, कारण कॉन्ट्रॅक्टरने सुरुवातीलाच सांगितलेलं असतं, 'बिल हवं असेल तर १८ टक्के जास्त पडतील.' ते वाचवायला आपण रोख देतो. रोख दिलेत तर निदान वहीवर त्याची सही घ्या, तारीख आणि रक्कम अक्षरी लिहून. खात्यातून पाठवलेत तर उत्तम, आणि पाठवताना कशाचे ते लिहा, 'बाथरूम लादी, दुसरा हप्ता'. करारनामा म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. साध्या कागदावर काय काम, कोणता माल, काय दर, मोजायचं कसं, किती दिवसांत, हप्ते कधी, आणि उशीर झाला तर दिवसाला किती कापायचे, एवढं लिहून दोघांच्या सह्या. मधे 'ओटा जरा इकडे घ्या' असा बदल आपणही करतो, आणि कॉन्ट्रॅक्टरचे पैसे तिथे बुडतात हेही खरं. प्रामाणिक मिस्त्री अशा वेळी बोलत नाही आणि नुकसान सोसतो. तो बदलही मोबाइलवर मेसेज करून त्याच्याकडून 'ओके' घ्यावा, दोघांच्याही भल्यासाठी. ते मेसेज पुसू नका. मजुरांशी मात्र भांडू नका. त्यांनाही त्याच माणसाकडून दोन आठवड्यांची मजुरी मिळालेली नसते, हे चहा देताना विचारलंत तर कळतं.

राहता राहिला आपल्या बायकांचा नेहमीचा प्रश्न. 'फ्लॅट यांच्या नावावर, पैसे यांच्या खात्यातून गेले, बोलणी यांनी केली. मी तक्रार कशी करणार?' कायद्यातली ग्राहकाची व्याख्या वाचा. पैसे देऊन सेवा घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहकच. गळक्या बाथरूममध्ये रोज पोतं टाकणारी बाई त्यात बसते, आणि तक्रारीच्या अर्जावर पहिलं नाव तिचं असू शकतं.